सेल्फ मारू नका

सकाळी पहिल्या चहाच्या आधीच आमच्या इमारतीखाली कुणाची तरी गाडी अडून बसते. थंडीत तर हमखास. मी खिडकीशी उभी राहून नुसती ऐकते. आधी खणखणीत घुर्र-घुर्र-घुर्र, मग जरा लांबवलेलं, मग दमलेलं घुर्र… घुर्र… घु… आणि शेवटी एक कोरडं ‘टक्’. मग दार उघडून पुन्हा जोरात लावल्याचा आवाज. (दार आपटल्याने इंजिनावर नक्की काय परिणाम होतो कोण जाणे, पण आपटतात सगळेच.) मग बॉनेट वर जातं आणि बॉनेटखाली वाकलेला माणूस बराच वेळ निव्वळ बघत राहतो.

खिडकीतून एवढं ऐकलं की निम्मा शोध संपलेला असतो. इंजिन सुरुवातीला चांगलं फिरत होतं, म्हणजे बॅटरी, स्टार्टर, त्यांच्या जाड वायरी, सगळं जागच्या जागी होतं. अडलं होतं ते दुसरीकडेच. पण ते कुठे, हे बघायच्या आधी मालक पुन्हापुन्हा चावी फिरवत, म्हणजेच ‘सेल्फ’ मारत बसला आणि आता बॅटरीही उतरली. एका दोषाचे दोन झाले, त्यातला दुसरा स्वतःच्या हाताने केलेला. “सेल्फ मारू नका!” असं मला वरून ओरडावंसं वाटतं. हे वाक्य माझं नाही, मिरजेतल्या एका गॅरेजमधलं आहे.

त्या गॅरेजला पाटी नव्हती. पत्र्याचं छप्पर, कडुलिंबाचं झाड, वर्षानुवर्षं सांडलेल्या ऑइलने काळी आणि टणक झालेली जमीन, आणि लाकडी खोक्यावर बसलेले चाचा. बाबा त्यांना मिस्त्री म्हणायचे, ते बाबांना सर म्हणायचे आणि मला बेटा. बाबा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी आमची जुनी, कार्बोरेटरवाली गाडी घेऊन तिकडे जात. गाडीत काही बिघडलेलं असेच असं नाही. परतताना सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतून यायचं, दुकानात टांगलेले भोपळे बघायचे, हा माझा फायदा.

मिरज हे डॉक्टरांचं गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये इथे रुग्णालय काढलं, आणि पुढे दक्षिण महाराष्ट्र काय, उत्तर कर्नाटक काय, लोक दुखणी घेऊन मिरजेलाच येत राहिले. चाचांच्या दारातल्या गाड्यांतही डॉक्टरांच्याच जास्त, आणि त्यांच्याबद्दल चाचांची एक कायमची तक्रार होती. “हे लोक दुखणं सांगत नाहीत बघा सर, औषधच सांगतात. म्हणे, कार्बोरेटर साफ करा. अहो, आधी काय होतंय ते सांगा की!” पेशंटने स्वतःच निदान करून आणलं तर याच डॉक्टरांना किती राग येत असेल, हे बाबा त्यांना हसत सांगायचे. चाचा हसत नसत. त्यांना उत्तरं हवी असत. काल नीट चालली होती का? बंद तुम्ही केली, की आपली आपण पडली? गार असताना उचलत नाही की गरम झाल्यावर? रात्री पाऊस होता का? पेट्रोल कुठं भरलं? आणि सगळ्यात शेवटी, जरा आवाज खाली आणून, “त्याच्याआधी कुणी हात लावला होता काय?” ज्या गाडीवर काल कुणी काम केलं, तिचा आजचा बिघाड बहुतेक वेळा त्या हाताखालीच निघतो. सुटी राहिलेली एखादी वायर, उलटसुलट बसवलेल्या दोन प्लगवायरी. मालकाला हे सांगायचं नसतं, कारण बऱ्याचदा तो हात त्याचाच असतो.

“हॉर्न वाजतोय, दिवा लागतोय, म्हणजे बॅटरी चांगली आहे.” हा युक्तिवाद ज्या ठामपणाने केला जातो, त्या ठामपणाने फार थोडी चुकीची विधानं केली जात असतील. चाचा वाद घालत नसत. हेडलाइट लावायला सांगत, स्वतः दिव्यासमोर उभे राहत आणि म्हणत, “आता एकदाच मारा. एकदाच.” दिवा पार विझला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. दिवा जराही न मंदावता तसाच राहिला आणि स्टार्टर गप्प, तर करंट स्टार्टरपर्यंत जातच नाही, तेव्हा स्विच आणि सोलेनॉइड बघायचं. दिवा मंदावला, स्टार्टर कण्हला, पण इंजिन फिरलं नाही, तर स्टार्टर अडकला आहे किंवा इंजिनच जाम झालं आहे. आणि नुसतंच ‘सुंईऽऽ’ असा मोकळा आवाज आला तर दिव्याकडे बघायचीही गरज नाही. स्टार्टर फिरतो आहे, पण त्याचा दात फ्लायव्हीलला लागत नाही.

यातलं ‘का’ बाबांकडे असायचं. एका हेडलाइटला लागतो सुमारे पाच अँपियर करंट, स्टार्टरला दीडशे, वेळप्रसंगी दोनशे. बॅटरीच्या टर्मिनलवर तो पांढरा-हिरवट खार चढतो, त्याचा रोध धरा एक ओहमचा विसावा भाग. दिव्याच्या पाच अँपियरपायी त्यात पाव व्होल्ट खर्च होतो, डोळ्याला कळणारही नाही. पण स्टार्टरने दीडशे अँपियर मागितले की त्याच खारात साडेसात व्होल्ट जातात, आणि बारा-साडेबारातले स्टार्टरच्या हाती उरतात पाच. पाच व्होल्टवर तो काय फिरणार! वहीच्या मागच्या पानावर हे मांडून बाबा चाचांना दाखवत. चाचा कागद लांब धरून बघत, मान डोलवत, आणि गरम पाण्यात खायचा सोडा कालवून टर्मिनलवर ओतत. खार फसफसून निघून जायचा, खालचं शिसं करडं उघडं पडायचं. बाबांना कारण ठाऊक असे, चाचांना जागा, आणि दोघांनाही दुसऱ्याकडच्या गोष्टीचं मनापासून कौतुक होतं. मी मोठी झाल्यावर अशी मैत्री फारशी बघितली नाही.

इंजिन जोमाने फिरतं आणि तरीही उचलत नाही, तिथून खरी मजा सुरू होते. आता हवं असतं इतकंच: आत पेट्रोलमिश्रित हवा यायला हवी, ती दाबली जायला हवी, आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडायला हवी. चाचा आधी एक प्लग काढून हातात घेत आणि त्याच्याकडे बराच वेळ बघत. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. ओला असेल, नाकाशी धरल्यावर भपकारा येत असेल, तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. टोक बिस्किटी रंगाचं असेल तर आतापर्यंत सगळं ठीक चाललं होतं. काजळी धरली असेल तर चोक ओढूनच गाडी चालवलेली आहे. हे शेवटचं ते मालकाकडे न बघता म्हणत.

मग तोच प्लग त्याच्या वायरीला जोडून इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला लावायचं. “बेटा, मागं सर.” झाडाच्या सावलीत ती ठिणगी नीट दिसायची. निळी, जाडसर, ‘टच्च’ असा आवाज करणारी असली की चाचा प्लग परत बसवत आणि पेट्रोलच्या मागे लागत. बारीक आणि पिवळी असली, की त्यांचा चेहरा खुलायचा.

ती ठिणगी येते कुठून, हे मला बाबांनी याच झाडाखाली सांगितलं, आणि अजूनही मला त्याचं नवल वाटतं. बॅटरी बारा व्होल्टची. बारा व्होल्टने हवेतली केसाएवढी फटही ओलांडवत नाही. प्लगच्या टोकाशी मात्र पंधरा-वीस हजार व्होल्ट लागतात. मायकेल फॅरडेने 1831 मध्ये दाखवून दिलं की बदलतं चुंबकत्व शेजारच्या तारेत वीज उठवतं. मोटारीतली इग्निशन कॉइल तेच करते. तिच्यात कमी वेढ्यांची एक जाड तार आणि हजारो वेढ्यांची एक बारीक तार. जाड तारेतून करंट वाहत असतो तोवर काहीच घडत नाही. तो तोडला, की चुंबकत्व एकदम कोसळतं आणि बारीक तारेत हजारो व्होल्ट उसळतात. म्हणजे करंट जोडल्याने ठिणगी पडत नाही, तुटल्याने पडते. हे तोडायचं काम करणारे पॉइंट डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली असत. दोन चिमुकल्या पत्र्या, उघडल्यावर त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आतली. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर हे पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात. दर उघडण्यात थोडी ठिणगी त्यांच्यातही पडू बघते. ती आवरायला शेजारी करंगळीएवढा कंडेन्सर. तो गेला की पॉइंट काळे पडून खड्ड्यांनी भरतात, आणि प्लगपर्यंत पोचते ती पिवळी, अशक्त ठिणगी. चाचा पॉलिशपेपरचा तुकडा दुमडून पॉइंटच्या मधून ओढत, दोनदा-तीनदा, फुंकर मारत, डोळ्यानेच फट जोखत. त्यांच्या त्या जाड, भेगाळलेल्या बोटांना एवढं नाजूक काम जमतं हे पाहून मला गंमत वाटायची.

पावसाळ्यात यातलं काही न बिघडताही गाडी हटून बसे. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत आतून दव धरलं की वीज प्लगकडे जायच्याऐवजी त्या ओलीतून लोखंडात पळून जाते. त्यावर कोरडं फडकं पुरे. आणि प्लगच ओले झाले असतील तर ते काढून गॅसवर शेकायचे. आमच्या घरी जुलैच्या सकाळी एका शेगडीवर दूध आणि दुसरीवर चिमट्यात धरलेला प्लग, हे दृश्य नवं नव्हतं. आईचं म्हणणं एवढंच, की तो पोळीचा चिमटा आहे.

पॉइंट बसवले की टायमिंग. चाचांकडे टायमिंगचा दिवा नव्हता. इंजिन सुरू ठेवून ते डिस्ट्रिब्युटरचा नट ढिला करत आणि त्याचं अंग तळव्यात धरून किंचित फिरवत. इकडे जरासं, तिकडे जरासं. एका बाजूला इंजिन जड व्हायचं, दुसऱ्या बाजूला टकटकायला लागायचं, आणि मध्ये कुठेतरी एकच जागा अशी यायची की आवाज गोल होऊन एका लयीत स्थिरावायचा. तिथे ते नट आवळत. दोन गल्ल्या पलीकडे, तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत जव्हारी लावणाऱ्या कारागिराला बघताना मला पहिल्यांदा कळलं की हे दोघेही एकच काम करतायत: धागा सरकवायचा, ऐकायचं, पुन्हा केसभर सरकवायचा, आणि तार बोलली की हात काढून घ्यायचा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डिस्ट्रिब्युटर हातांनी लावणाऱ्यांना तसलं काही मिळणार नाही, आणि आता लावायला डिस्ट्रिब्युटरही उरलेले नाहीत.

बॅटरी अगदीच मेलेली असली तर धक्का, नाहीतर हँडल. चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅकमध्ये आला, त्याआधी बहुतेक मोटारींना हातानेच फिरवावं लागे, आणि आपल्याकडच्या गाड्यांच्या बंपरमध्ये हँडलचं भोक त्यानंतरही कितीतरी वर्षं राहिलं. हँडल धरायची रीत चाचांनी मला शिकवली होती, मारू मात्र कधी दिलं नाही. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा वळसा घालायचा नाही, आणि हँडल वर ओढायचं, खाली दाबायचं नाही. ठिणगी अवेळी पडली तर इंजिन उलटा फटका देतं आणि मनगट मोडतं. “मग हायेतच की तुमचे डॉक्टर,” असं म्हणून ते एकदाचे हसत.

पेट्रोलकडच्या दोषांची मी एवढी चाहती नाही. जेटमध्ये कचरा अडकतो, पंपाचा पडदा फाटतो, टाकीचा काटा अर्ध्यावर अडकलेला असतो आणि टाकी कोरडी असते. काढा, फुंका, बसवा. अपवाद एकाचा. मे महिन्यात रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या लादून परतताना साखरप्यानंतर आंबा घाट लागतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तापत चढायचं, वाराही साथीला नाही, आणि मधल्याच एखाद्या वळणावर गाडी हुंदके देऊन थांबायची. सेल्फ खणखणीत, ठिणगी निळीशार, टाकी भरलेली. पण पेट्रोलमधले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांपासूनच उकळायला लागतात. तापलेल्या इंजिनाला चिकटून बसलेल्या पंपात आणि नळीत त्याची वाफ होते, आणि द्रव ढकलायला केलेला पंप वाफ ढकलू शकत नाही. नुसता हलत राहतो. यावरचा उपाय म्हणजे बाटलीभर पाणी आणि एक फडकं. फडकं भिजवून पंपावर टाकायचं आणि कठड्यावर बसून राहायचं. त्या काळी घाटात दर दोन-चार वळणांवर एखादी गाडी बॉनेट उघडून उभी दिसे, आणि तिची माणसं करवंदं खात शेजारी बसलेली. कुणी कुणाला काय झालं म्हणून विचारत नसे. वरून जाणारा हात करायचा, खालचा हात करायचा.

हे सगळं ज्ञान आता कुठे असेल? कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 मध्ये तयार होऊ लागलेली फियाट पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, मुंबईची काळी-पिवळी म्हणून साऱ्या देशाने सिनेमात बघितली, आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेच्या नियमाने 30 ऑक्टोबर 2023 पासून शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. पॉइंट घासता-घासता म्हातारे झालेले कितीतरी हात तिच्याबरोबरच रिकामे झाले असतील. मला त्या गाडीची हळहळ वाटत नाही. धूर खूप करायची, आणि तिचा स्टिअरिंगला लावलेला गिअर मला कधी पटला नाही.

आंबा घाटात गाडी गार होऊन आपली आपण सुरू झाली की आम्ही टाळ्या वाजवायचो. मिरजेला आल्यावर चाचांना हे सांगितलं की ते मात्र खूश होत नसत. वाफेचं ठीक, ते ठाऊक असलेलं दुखणं. पण कुणी येऊन म्हणालं की, “सकाळी काही केल्या होत नव्हती, आता तुमच्याकडे आणायला बसलो तर एका सेल्फमध्ये झाली,” की त्यांचा चेहरा पडायचा. “झाली तर झाली. पण गेलं कुठं ते?” दोष नाहीसा झालेला नाही, फक्त नजरेआड झाला आहे, आणि पुन्हा येईल तो रात्री, पावसात, सोबत लहान मूल असताना येईल, हे त्यांना दिसत असायचं. चालू गाडीचा एकही सुटा भाग ते बदलत नसत. लोक आग्रह करत, “कॉइल बदलून टाका, प्लगही बदला, पंपाचंही बघा, एकदाची कटकट जाऊ दे.” चाचा म्हणत, “बंद पडू दे, मग या.” गिऱ्हाईक चिडून दुसरीकडे जाई. दुसरीकडे चार वस्तू एकदम बदलून मिळत, गाडीही चालत राही, आणि त्या चारांतली नासकी कोणती होती हे कुणालाच कधी कळत नसे. चाचांना अपमान वाटायचा तो याचा.

त्यांचा हा हट्ट आतबट्ट्याचा होता हे उघडच आहे. पत्र्याचं छप्पर पत्र्याचंच राहिलं.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. पाणी ओसरल्यावर सांगलीच्या गाड्या टोचन लावून मिरजेला यायला लागल्या, सीटपर्यंत गाळ भरलेल्या. चाचा तोवर थकले होते, गॅरेज मुलगा बघत होता, पण त्या आठवड्यात ते खुर्ची टाकून दारातच बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत राहिले: “सेल्फ मारला काय?” नाही म्हणणाऱ्याला चहा मिळे. कारण सिलिंडरात पाणी शिरलेलं असेल तर तिथे सुरू करून बघणं हाच मोठा अपघात. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. दोनशे रुपयांच्या कामाचं काही लाखांचं होतं ते तेवढ्या एका चावीने. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हाही मुंबईतली किती इंजिनं पुरात मेली आणि किती दुसऱ्या सकाळच्या सेल्फने मेली, हे वेगवेगळं मोजायला हवं होतं. चाचांचा पोरगा चारही प्लग काढून आधी इंजिन पान्याने हाताने फिरवायचा, अडत नाही बघायचा, मग सेल्फ मारायचा. प्लगच्या भोकांतून गढूळ पाण्याच्या चार पिचकाऱ्या पार छपरापर्यंत जायच्या. मग ऑइलची कांडी. ऑइल दुधाळ झालं असेल तर तेही काढून टाकायचं. मगच प्लग.

पोरगा आयटीआय शिकलेला. त्याच्याकडे टॅब आहे, आणि डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात घालायची डबी आहे. नव्या गाड्यांत पॉइंट नाहीत, डिस्ट्रिब्युटर नाही, चोक नाही, हँडलचं भोक तर नाहीच. ठिणगी कधी टाकायची आणि पेट्रोल किती उडवायचं ते एक कॉम्प्युटर ठरवतो. सुरू न होण्याची कारणंही नवी आहेत. ब्रेकवर किंवा क्लचवर पाय नाही म्हणून, ऑटोमॅटिक गाडी ‘डी’मध्येच राहिली म्हणून, चावीतली चिप ओळखली गेली नाही म्हणून. पुण्यात तर उंदीर. 2020 च्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या आणि बॅटऱ्या घड्याळाने आणि अलार्मने थेंबथेंब प्यायल्या. पण चावी फिरवल्याबरोबर मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचं दोन सेकंदांचं ‘गुंऽऽ’ ऐकू येतं का, हे पोरगा टॅब उघडायच्या आधी बघतो. सीटवर कान टेकवून.

माझी आत्ताची गाडी एका उन्हाळ्यात भर दुपारी चालता-चालता बंद पडायला लागली. इंजिन जोमाने फिरे, उचलत नसे. अर्धा-पाऊण तास थांबलं की पहिल्या सेल्फला सुरू, वर हसल्यासारखी. आंबा घाटाची आठवण झाली, पण आजच्या गाड्यांत पंप टाकीतच बुडालेला असतो आणि नळीत भरपूर दाब, त्यामुळे वाफेचं ते जुनं दुखणं बहुतेक संपलं. पुण्यातल्या एका मोठ्या, वातानुकूलित वर्कशॉपने आधी बॅटरी बदलली, मग पंप बदलला. स्कॅनरवर एकही कोड दिसत नव्हता, म्हणून अंदाजाने. मी गाडी घेऊन मिरजेला गेले. ती रस्त्यात कुठेही बंद पडली नाही. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि पोराला म्हणाले, “ही चालू हाय. हिला काय विचारणार? बंद पाड जा.”

मग मी आणि तो पोरगा मे महिन्याच्या दुपारी पंढरपूर रस्त्याला लागलो. काचा वर, इंजिन तापावं म्हणून खालच्या गिअरमध्ये, टॅब माझ्या मांडीवर. बंद पडावी म्हणून गाडी पळवण्यात एक विचित्र मजा असते. नेहमी ज्या प्रत्येक खरखरीने पोटात गोळा येतो, त्याच खरखरीची आपण वाट बघत असतो. द्राक्षबागांच्या मधोमध ती एकदाची मेली. आम्ही दोघंही एकदम ओरडलो, “पडली!” बांधावरच्या माणसाने वळून बघितलं.

पोरगा घाईघाईने उतरला नाही. “मॅडम, एकदाच मारा,” तो म्हणाला. अगदी चाचांच्या आवाजात. इंजिन घुर्र-घुर्र फिरत होतं. टॅबवर इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा शून्यावर होता. त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणजे इंजिन फिरतंय, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते उभं आहे. आणि उभ्या इंजिनाला तो ठिणगीही देणार नाही, पेट्रोलही देणार नाही. जुन्या गाडीत ही दोन्ही एकदम बंद पडणं विरळा. नव्या गाडीत दोन्ही एकदम गेली तर त्यांच्याही मागे जावं लागतं, जिथून दोघांना वर्दी मिळते तिथे. क्रँकशाफ्टपाशी एक सेन्सर असतो, चाकाचे दात समोरून जाताना मोजणारा. तापला की तो मुका होत होता. त्याचं मुकं होणं कॉम्प्युटरला बंद इंजिनासारखंच दिसे, म्हणून तक्रारही नोंदली जात नव्हती. आमचं बोलणं चालू असताना तिसऱ्या सेल्फला एकदाचा कोड उमटला: पी 0335. “आता कशाला सांगतोय,” पोरगा म्हणाला.

सेन्सर दुसऱ्या दिवशी सांगलीहून आला आणि थोड्याच वेळात बसला. पुन्हा तोच रस्ता, तेच ऊन. गाडी पडली नाही. माझ्या मते काम झालं होतं. चाचांच्या मते नव्हतं. काढलेला सेन्सर त्यांनी टेबलावर ठेवायला लावला, दोन टोकांना मीटर लावायला लावला आणि हीटगन मागवली. आकडा साडेआठशे ओहमवर होता. गरम हवा लागली तसा चढायला लागला. नऊशे. साडेनऊशे. हजाराच्या वर. आणि मग एकदम आकडाच गेला, मीटरवर नुसतं ‘ओएल’ आलं. आतली तार तापून फाकली होती. हवा बंद केली, पंख्याखाली धरला, काही मिनिटांनी आकडा परत.

“पुन्हा कर,” चाचा म्हणाले.

पुन्हा तापवला, पुन्हा गेला. चाचांनी चष्मा पुसून तिसऱ्यांदाही बघितलं. मग खुर्चीत मागे टेकले.

“हां. आता कर बिल. सेन्सरचं तेवढं लाव. बॅटरीचं नि पंपाचं ज्यांनी घेतलं त्यांनी घेतलं.”